अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास

हत्तुरे क्लार्कनं कागद पुढे सरकवला,
म्हणाले, मॅडम, सही करा, तुमचं झालंय.
मला वाटलं पुन्हा कार्यमुक्तीचं पत्र.
अकरा वर्षं तेच होतंय माझं :
जुलैत रुजू, एप्रिलात मोकळी,
मध्ये जेवढ्या घंटा तेवढे पैसे.
गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी लागली
की पोरं बाकं वाजवतात, मी वजाबाकी करते.
कुणी पुढारी गेला तर शोकसभेत
मीही दोन मिनिटं मान खाली घालून उभी असते
आणि मनात म्हणते,
तीन तास गेले.

पण कागदावर होतं : अध्ययन रजा.
सहा आठवडे. भरपगारी.
तो शब्द मी व्हरांड्यात, उन्हात नेऊन वाचला.
जणू कुणी दुसऱ्याचा डबा
चुकून माझ्या टेबलावर ठेवून गेलं होतं
आणि तो अजून गरम होता.

अर्ज भरतानाच खरं तर अडले होते.
सेवेत रुजू झाल्याचा दिनांक, असा रकाना.
माझ्याकडे अकरा दिनांक.
हत्तुरे म्हणाले होते, शेवटचा टाका.
मी पहिला टाकला.
कुणी काही बोललं नाही.

पहिल्या सोमवारी सवयीनं सहाला उठले,
साडी नेसले, पिना लावल्या,
आणि घरकुलाच्या ओट्यावर बसून राहिले.
अम्मा मांडीवर सूप घेऊन विडीचं पान कापत होती.
आज तास नाही?
नाही.
मग पैसे?
येणार.
तिची कात्री थांबली.
हजारावर दर मोजत आयुष्य गेलेली बाई ती,
माझ्या कपाळाला हात लावून बघितला तिनं.

नायनांचे कान मागानं नेलेत,
चौतीस वर्षं, दोन पाळ्या, अशोक चौकाच्या मागचा कारखाना.
माझा विषय : मागावरचे शब्द, मराठी आणि तेलुगू.
म्हणून माझं संशोधन अख्ख्या गल्लीनं ऐकलं.
धोटा? मी ओरडायची.
नाडे!
ताणा?
पडुगु!
बाणा?
पेक! पेक गं, किती वेळा!
फणी म्हणजे?
अच्चु, ते म्हणायचे, आणि
हवेत बोटं पसरून दाखवायचे,
बोटांमधून दिसायची पलीकडची भिंत.
समोरची लक्ष्मव्वा चटणी कुटता कुटता
दारातूनच दुरुस्त्या पाठवायची.
तीन वह्या भरल्या.
पहिल्यांदाच एका वाक्यावर
मी आख्खी दुपार बसले
आणि घंटा झाली नाही.

एका संध्याकाळी नायनांनी विचारलं,
या लिहिण्याचे पण देतात?
देतात.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
ताणा सांधायला आमचा अर्धा दिवस जायचा.
दोन-अडीच हजार टोकं, एकेक.
त्याचे कधी दिले नाहीत.
वीज गेली, त्याचे नाहीत.
मोजायचे ते फक्त कापड.
एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली,
कडक भाकरीचा आवाज त्यांना मात्र ऐकू आला नाही.

मार्चात परतले तेव्हा
मुजावर सर माझी हजेरीबुकं घेऊन उभे होते.
माझे तास त्यांनी घेतले होते सहा आठवडे,
आणि त्या पैशांतून स्कूटरचं इंजिन करून घेतलं होतं.
आता ते तास परत माझे.
मी पुस्तकं घेतली तेव्हा
दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

अहवालाच्या नमुन्यात शेवटचा रकाना होता :
रजा काळातील एकूण तास.
मी हत्तुऱ्यांकडे पाहिलं, हत्तुऱ्यांनी पंख्याकडे.
तो रकाना मी तसाच सोडला.

पुढच्या वर्षी मी अर्ज करणार, मुजावर म्हणाले
कँटीनमध्ये, चहा बशीत ओतत.
विषय काय घेताय?
झोप,
ते म्हणाले,
आणि हसले नाहीत.